मृत्यूची तुलना करताना काय स्थिर धरायचं? अजिंठ्याचं सव्वीस नंबरचं लेणं आणि गोव्यातली चांदीची पेटी

पेटची तयारी करणारे काही जण त्यांचे कच्चे सिनॉप्सिस मला वाचायला पाठवतात. तौलनिक विषय घेतलेला असला की त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने सापडतंच: ख्रिस्ती कलेत मृत्यू म्हणजे वेदना आणि बौद्ध कलेत मृत्यू म्हणजे शांती. खाली दोन फोटो असतात. एक क्रुसावर टांगलेल्या, रक्ताळलेल्या येशूचा आणि दुसरा अजिंठ्यातल्या पहुडलेल्या बुद्धाचा. फोटो शेजारी ठेवले की वाक्य आपोआप सिद्ध झाल्यासारखं वाटतं. आजचा लेख या वाक्यावर आहे. मला ते चुकीचं वाटतं. पण ते कसं चुकतं हे पाहिलं तर तुमच्या स्वतःच्या विषयातही उपयोगी पडेल, मग तो विषय काहीही असो.

आधीच सांगते, मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी नाही. माझं काम परभणीच्या काळ्या मातीतल्या जिवाणूंवर आहे. पण तुलना कशी करायची हे आमच्याकडे पहिल्या वर्षातच डोक्यात कोंबतात. एका वाफ्यात खत घालून सोयाबीन पेरलं, दुसऱ्यात बिनखताचा हरभरा पेरला, आणि उत्पन्नातला फरक खतामुळे आला असं लिहिलंत, तर गाईड वही तिथेच परत देतील. पीक वेगळं, हंगाम वेगळा, मग खताचा काय पुरावा? वरच्या दोन फोटोंत नेमकं हेच झालंय. धर्म सोडून बाकी सगळंही बदललेलं आहे.

सगळ्यात ढोबळ फरक बघा. येशूचा मृत्यू म्हणजे रोमन सत्तेने ऐन तिशीतल्या माणसाला दिलेली देहदंडाची शिक्षा. बुद्ध ऐंशी वर्षांचे होऊन, आजारपणात, कुशीनगरजवळ, शिष्यांच्या गराड्यात गेले. एक सरकारी हत्या आणि एक म्हाताऱ्या माणसाचं जाणं. या दोन प्रसंगांची चित्रं कुठल्याही धर्माच्या कलाकाराने काढली तरी वेगळीच दिसतील. तेव्हा चित्रांतला फरक धर्माचा की मरणाच्या प्रकाराचा, हे या जोडीवरून कळूच शकत नाही.

दुसरी गोष्ट काळाची, आणि ही मला फार रंजक वाटते. अजिंठ्याचं सव्वीस नंबरचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. मग पाचव्या शतकातला ख्रिस्ती क्रूस कसा होता ते बघायला नको का? रोमच्या सांता साबिना चर्चचं लाकडी दार साधारण इसवी सन ४३० च्या सुमाराचं आहे. त्यावरचा येशू हात पसरून उभा आहे, डोळे उघडे, चेहऱ्यावर यातना नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच सुमाराचा हस्तिदंताचा एक छोटा पट आहे. त्यातही येशू ताठ आणि जागा, आणि शेजारच्या झाडाला गळफास घेतलेला यहूदा लोंबकळतोय. त्या पटात मेलेला कोण दिसतो, तर तो यहूदा. येशू क्रुसावर असूनही मेलेला दिसत नाही. डोळे मिटलेला, पोट सुटलेला, स्वतःच्या वजनाने खाली ओघळलेला येशू मोठ्या आकारात दिसतो तो थेट दहाव्या शतकात, जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलमधल्या गेरो क्रुसावर. म्हणजे शतक स्थिर धरलं की ‘वेदना विरुद्ध शांती’ हा फरक बराचसा विरघळतो. पाचव्या शतकात दोन्हीकडचे कारागीर आपला महापुरुष मृत्यूने हरलेला नाही, हेच दाखवत होते.

त्याच्याही मागे जा. दोन्ही परंपरा आपल्या संस्थापकाचा मृत्यू दाखवायला कितीतरी शतकं कचरत होत्या. सांचीच्या तोरणांवर महापरिनिर्वाण दाखवायचं तर स्तूप कोरतात, माणूस नाही. रोमच्या भुयारी दफनस्थळांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ रंगवला, क्रुसावरचा येशू नाही. न दाखवणं हाही पुरावा असतो. माझ्या प्रयोगांत जिथे जिवाणूंची वाढच झाली नाही त्या प्लेटचीही नोंद ठेवावी लागते, तसंच हे.

आता जोडी बदलू. बुद्धाच्या समोर क्रूस ठेवण्याऐवजी आडवा, झोपलेला, लोक ज्याच्या दर्शनाला येतात असा ख्रिस्ती देह ठेवू. तो आपल्या शेजारीच आहे, जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात.

पण आधी अजिंठा नीट बघू, कारण फोटोत तो नीट दिसतच नाही. सव्वीस नंबर हे चैत्यगृह आहे. आत गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर, खांबांच्या मागच्या अरुंद बोळात, सुमारे ७ मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर झोपलाय. मागे पुढे शालवृक्ष. खांबांमुळे पूर्ण मूर्ती एका नजरेत सहज मावत नाही. तुम्हाला चालत जावं लागतं, चेहऱ्यापासून पायांपर्यंत. सगळे फोटो काढतात ते चेहऱ्याचे. माझ्या मते या पटातली थोर गोष्ट चेहरा नाहीच. ती आहे पलंगाच्या खालची ओळ. तिथे शिष्य बसलेत, आणि ते दुःखात आहेत. कुणाची मान खाली गेलीय, कुणी खचून बसलंय. पायाशी हातावर डोकं टेकवून बसलेला भिक्षू म्हणजे आनंद, असं अभ्यासक मानतात. वरच्या बाजूला मात्र देव आणि गंधर्व जमलेत, वाद्यंही आहेत. वर उत्सव, खाली शोक, मधे तो शांत देह.

म्हणजे ‘बौद्ध कलेत मृत्यू म्हणजे शांती’ हे वाक्य मधल्या पट्ट्याबद्दल खरं आहे आणि खालच्या पट्ट्याबद्दल खोटं. शिल्पकाराने शोक वगळला नाही. त्याने शोकाला जागा दिली, आणि तीही बघणाऱ्याच्या बाजूची. आपण उभे राहतो ते रडणाऱ्यांच्या शेजारी, वाद्यं वाजवणाऱ्यांच्या नाही. महापरिनिब्बान सुत्तातही असंच आहे. ज्यांची आसक्ती गेली ते भिक्षू सोसतात, बाकीचे हात वर करून रडतात, आणि आनंद तर बुद्ध हयात असतानाच दाराला टेकून रडतो. सुत्तात ही गोष्ट लपवलेली नाही.

इथे जरा थांबून एक सांगते, कारण हा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. आमच्या भागात एका घरी पुण्यानुमोदनाला गेले होते. पांढरे कपडे, समोर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं. गेलेल्या बाईंची मुलगी मधेच हुंदके द्यायला लागली. एक काका म्हणाले, “बाई, आपल्या धम्मात रडत नसतात.” मुलगी गप्प झाली, तोंडात पदर कोंबून. तेवढ्यात तिची मावशी म्हणाली, “रडू द्या की हो तिला, आई गेलीय तिची.” काका वाईट नव्हते. त्यांनी कुठेतरी ते वाक्य वाचलं किंवा ऐकलं असणार, शांतीवालं. आपण सिनॉप्सिसमध्ये जे सोपं वाक्य लिहितो ते भाषणातून, पुस्तिकेतून असं घराघरात पोचतं आणि कुणाच्या तरी तोंडात पदर कोंबतं. अजिंठ्याच्या खालच्या ओळीचा फोटो पाठ्यपुस्तकात छापला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आता गोवा. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्सियन बेटावर वारले, जवळपास एकाकी. पुढे हाडं न्यायला सोपी जावीत म्हणून देह चुन्यात पुरला. काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १५५३ मध्ये, उकरला तेव्हा तो कुजलेला नव्हता असं सांगतात. तिथून मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोवा. (मातीवाली असल्यामुळे कंसात लिहिल्याशिवाय राहवत नाही. चुन्याने प्रेत लवकर संपतं ही समजूत जुनी आहे, पण डुकरांची कलेवरं चुन्यात पुरून केलेल्या प्रयोगांत उलट दिसलं. चुना सुरुवातीला कुजण्याची क्रिया मंदावतो. यावरून गोव्यातल्या देहाचा उलगडा झाला असं कृपा करून कुठे लिहू नका. एका वेगळ्या प्रयोगावरून पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेबद्दल निकाल देता येत नाही. शिवाय आपला प्रश्न देह का टिकला हा नाही. त्याच्याभोवती लोकांनी काय उभं केलं, हा आहे.)

काय उभं केलं? १६३० च्या दशकात गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली चांदीची पेटी, आणि तिच्याखाली संगमरवराची भलीमोठी समाधी. ही समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिली, फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बाप्तिस्ता फोज्जिनीने घडवली आणि १६९८ मध्ये इथे बसवली. तिच्यावर कांस्याचे चार पट आहेत. त्यातला एक सान्सियनवरच्या मृत्यूचा. मत विचाराल तर मला ही समाधी थंड वाटते. रंगीत दगड, देवदूत, महिरपी, सगळं तालेवार. पण देह इतका उंचावर गेलाय की खाली उभ्या माणसाचा त्याच्याशी संबंधच तुटतो. सान्सियनच्या किनाऱ्यावरचा तो एकटेपणा फ्लॉरेन्सच्या संगमरवरात कुठे उतरलाय? अजिंठ्याचा कारागीर इथे सरस ठरतो. त्याने ७ मीटरचा बुद्ध कोरला, पण त्याचा पलंग खालीच ठेवला, हाताच्या अंतरावर.

गोव्यात ते अंतर मिटवायचं काम कला करत नाही, विधी करतो. दर दहा वर्षांनी गोंयच्या सायबाची पेटी खाली येते, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेली जाते, आणि लोक रांगेत उभे राहून काचेतून अगदी जवळून बघतात. मागचं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. रांगेत फक्त ख्रिस्ती लोक नसतात, हे गोव्यात कुणालाही विचारा. अजिंठ्यात कलाकाराने केलं ते गोव्यात दशवार्षिक रांग करते. म्हणून नुसत्या वस्तूंची तुलना करू नका. वस्तू अधिक तिच्याभोवतीचा विधी असा सगळा संच घ्या. नाहीतर तुम्ही फोज्जिनीच्या समाधीवरून ‘ख्रिस्ती परंपरा मृताला दूर ठेवते’ असा निष्कर्ष काढाल. दहा वर्षांतले पंचेचाळीस दिवस तो साफ खोटा असेल.

देह वाटून घेण्याची गोष्टही दोन्हीकडे आहे. बुद्धाच्या अस्थी द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे करून दिल्या, भांडण नको म्हणून. झेवियर यांच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये तोडून रोमला पाठवला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. इकडे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा दगडी करंड्यात एकात एक पेट्या निघाल्या, आणि सगळ्यात आत मातीच्या पात्राचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. चांदीची पेटी, काचेची पेटी, दगडी करंडा. सगळीकडे हाताला लागेल असं काहीतरी जवळ ठेवायची तीच धडपड.

नाव कोरायची हौसही तशीच. भाज्याच्या लेण्यांत चौदा स्तूपांचा एक घोळका आहे, त्यातल्या काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावं कोरलेली. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चची फरशी थडग्यांच्या कोरीव दगडांचीच आहे. तुम्ही नावांवरूनच चालता. आणि सव्वीस नंबरच्या लेण्याच्या दारावर भिक्षू बुद्धभद्राचा लेख आहे, अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणासाठी. (अश्मक म्हणजे आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यातला प्रदेश.) जगात माणसाची आठवण आहे तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरात टिकाऊ स्मारक करावं, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. म्हणजे आत सगळं अनित्य आहे सांगणारा पट, आणि बाहेर चंद्रसूर्य असेतोवर टिकणाऱ्या स्मारकाची भाषा. हा विसंवाद झाकून कुणी ‘बौद्ध दृष्टिकोन’ असं एकवचनी लिहिलं की मी पेन्सिलने खूण करते.

एकवचनाचाच मोठा घोळ आहे. संख्याशास्त्रात अनोव्हा शिकलात ना? दोन गटांतला फरक महत्त्वाचा ठरवायचा तर आधी प्रत्येक गटाच्या पोटातला फरक मोजावा लागतो. पोटातलाच फरक जास्त असेल तर गटांमधल्या फरकाला अर्थ राहत नाही. आता परभणीहून रेल्वेने जालन्याला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि जालन्याजवळच्या बेथेलपर्यंत जातो. ते स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांच्या परंपरेत क्रुसावर देह नाही, क्रूस रिकामा. संताचा देह पूजायचा नाही, त्याच्याकडे काही मागायचं नाही, मृतांसाठी मिस्सा नाही. गोव्यात २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना होते, गुड फ्रायडेला मृत येशूची मूर्ती मिरवणुकीने नेतात. ‘ख्रिस्ती’ या एकाच शब्दात हे दोन्ही बसतं.

‘बौद्ध’ शब्दाचंही तेच. थेरवादी देशांत पुण्यानुमोदन म्हणजे केलेलं पुण्य मृताच्या वाट्याला जावं ही भावना. आपल्याकडेही पत्रिकेवर ‘पुण्यानुमोदन व जलदान विधी’ छापलेलं असतं. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्मा नाकारलाय, आत्म्याचा पुनर्जन्मही. मग पुण्य जातं कुणाकडे? मी ऐकलेल्या प्रवचनांत याचं उत्तर जवळपास नेहमी एकाच दिशेने येतं: गेलेल्याचे गुण आठवा, तसं वागा. नाव तेच, पाणी ओतण्याची कृती तीच, अर्थ मात्र जिवंतांकडे वळलेला. याचं सगळ्यात मोठं उदाहरण दादरचं. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले तेव्हा तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. अंत्ययात्रेला आलेले लोक दीक्षा घेऊन परतले. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी परभणीची माणसं परत येताना पुस्तकं घेऊन येतात.

एक कोपरा राहिला, नमुने स्वतंत्र असण्याचा. तुलनेतले दोन नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण गृहीत धरतो. इथे तेही पूर्ण खरं नाही. राजपुत्राने रोगी, म्हातारा आणि मृत्यू पाहून घर सोडण्याची कथा मध्य आशियामार्गे, भाषांतरं होत होत युरोपात गेली, आणि ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचा ‘जोसाफात’ होऊन तो चक्क ख्रिस्ती संत बनला. २७ नोव्हेंबरच्या यादीत त्याचं नाव होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहिताना या जोसाफाताचीच गोष्ट सांगतो, आणि ती बुद्धाच्या कथेशी जुळते हे त्याच्या लक्षात आलेलं दिसतं. कान्हेरीत त्या माणसाला जे जाणवलं ते आपल्या दोन फोटोंच्या सिनॉप्सिसला जाणवत नाही!

मग सगळे चल स्थिर धरल्यावर काही उरतं का? माझ्या मते एक फरक उरतो, आणि तो संशोधनाचा प्रश्न व्हायच्या लायकीचा आहे: मृत माणूस ऐकतो का? गोव्याच्या रांगेतली बाई सायबाशी बोलते, काहीतरी मागते, तो ऐकेल म्हणून. चैत्यभूमीवरची बाई तितक्याच भक्तीने, तितक्याच पाणावल्या डोळ्यांनी उभी असते, पण बावीस प्रतिज्ञांच्या चौकटीत तिला मागता येत नाही, फक्त शब्द देता येतो. आणि गंमत म्हणजे या प्रश्नावर जालन्याचा प्रॉटेस्टंट माणूस गोव्याच्या नाही, चैत्यभूमीच्या बाजूला उभा राहतो. त्याचाही मृत ऐकत नाही. उलट सोपाऱ्याच्या करंड्यावर डोकं ठेवणारा जुन्या काळचा उपासक कदाचित गोव्याच्या रांगेत शोभला असता. म्हणजे खरी रेघ दोन धर्मांच्या मधून जात नाही, दोन्हींच्या पोटातून जाते. प्रत्यक्षात चैत्यभूमीवर मनातल्या मनात कुणी मागतं का, जालन्यात कबरीपाशी कुणी बोलतं का, हे ग्रंथ वाचून कळणार नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागेल, आणि ते काम कुणीतरी कराच.

अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. सव्वीस नंबर अगदी शेवटाकडे आहे, तिथवर पाय दुखायला लागलेले असतात आणि माणसं घाईत असतात. सकाळी लवकर निघून आधी थेट तिथेच जा, आणि चेहऱ्याच्या आधी खालची ओळ बघा. गोव्याची पेटी पुढच्या वेळी खाली येईल ती २०३४ च्या सुमाराला. तोवर तुमचं थिसिस जमा झालेलं असेल, अशी आशा!